दो मूर्ती

"कितनी मूर्ति?"

नर्मदा परिक्रमेत संध्याकाळी आश्रमाच्या दारात उभं राहिलं की नाव-गाव नंतर, आधी हा प्रश्न. परिक्रमेला निघालेला माणूस तिथे मूर्ती असतो आणि आत कणीक किती भिजवायची ते मूर्तींवर ठरतं. पहिल्या संध्याकाळी हे म्हणाले, "हम... मतलब, मिसेस साथ में हैं." सेवेकऱ्याने आत आवाज दिला, "दो मूर्ति!"

मला तो हिशेब फार आवडला. एकतीस वर्षं लग्नपत्रिकांवर आम्ही 'श्री. व सौ.' म्हणून एका ओळीत बसतोय आणि त्या ओळीत नाव एकट्या यांचं असतं. इथे सरळ दोन.

तसं हे ओंकारेश्वरलाच सुरू झालं होतं. संकल्पाला बसलो आणि सवयीने मी यांच्या हाताला हात लावला. घरच्या प्रत्येक पूजेत माझं काम तेवढंच असतं. गुरुजी म्हणाले, "माताराम, अपना जल लीजिए." तेव्हा लक्षात आलं की संकल्प दोघांचे वेगळे. नर्मदाजलाची कुपीही प्रत्येकाची आपापली. म्हणजे वाटेत एकाने सोडलं तरी दुसऱ्याला पुढे जायला मोकळीक. त्या रात्री आम्ही त्यावर बोललो.

"तुझ्या गुडघ्याने दगा दिला तर?"

"तर तुम्ही पुढे जा."

"आणि मलाच काही झालं तर?"

"तर मी जाईन."

हे बराच वेळ गप्प होते.

खरं तर निघायची हौस यांची. जबलपूरचे चित्रकार आणि लेखक अमृतलाल वेगड १९७७ साली पहिल्यांदा नर्मदेकाठी चालायला निघाले आणि पुढे पंचाहत्तरीत पुन्हा निघाले तेव्हा पत्नी कांताबेनही चालल्या, हे यांनी मला पटवण्यासाठी चार वेळा सांगितलं होतं. मी म्हटलं, मग आपणही पंचाहत्तरीतच जाऊ की. पण निवृत्त माणसाच्या हौसेपुढे कुणाचं चाललंय?

नियम मोजकेच. नदी कायम उजव्या हाताला ठेवायची आणि मुख्य प्रवाह ओलांडायचा नाही. नदी १३१२ किलोमीटरची. एका काठाने समुद्रापर्यंत, दुसऱ्या काठाने उगमापर्यंत आणि मग पुन्हा ओंकारेश्वर. शास्त्राप्रमाणे याला ३ वर्षं, ३ महिने आणि १३ दिवस लागायला हवेत. आम्ही हल्लीच्या बहुतेकांसारखे घाईतले.

आणि यांची घाई तर निराळीच. निघण्यापूर्वी माझ्या डोळ्यांपुढे चित्र होतं ते शेजारी शेजारी चालणाऱ्या दोघांचं. पण काठाकाठाने जाणारी पायवाट जेमतेम एका माणसाची. शिवाय हे उंच, यांचं एक पाऊल म्हणजे माझी दीड. त्यामुळे पहिले चार दिवस मी नर्मदा कमी पाहिली आणि यांची पाठ जास्त. तीही लांबून. पाठीवरची पिशवी लहान लहान होत जायची आणि एखाद्या वळणावर झाडाखाली हे बसलेले दिसायचे. मी घामाघूम होऊन तिथे पोचले की हे उठायचे, धोतर झटकायचे आणि म्हणायचे, "चल, निघू या?"

यातली मेख चटकन कळत नाही. पुढचा माणूस दर अर्ध्या तासाने दहा मिनिटं विश्रांती घेतो. मागच्याला ती मिळतच नाही, कारण तो पोचला की विश्रांती संपते. जो आधीच दमलेला, तोच दिवसभर न थांबता चालतो. पुढच्याला मात्र मनापासून वाटत असतं की आपण किती समजूतदार, बायकोसाठी थांबत थांबत चाललोय!

पाचव्या दिवशी नावडातोडीला हे फुटलं. पलीकडे महेश्वरचे घाट, वाडा, सगळं चित्रासारखं मांडलेलं, आणि अलीकडे मी ओरडतेय, "मी आले की तुम्ही उठता! पाच दिवसांत मी एकदा बसलेली नाही!" हे खरोखर चकित झाले. "अगं, मी तर दर वेळी तुझ्यासाठी थांबतो!" दोघंही खरंच बोलत होतो, म्हणून भांडण मिटेना. याच नावडातोडीला पुरातत्त्वज्ञ सांकलियांच्या उत्खननात ताम्रपाषाण काळातली वस्ती सापडली होती. हजारो वर्षांपूर्वीही तिथे कुणी कुणासाठी थांबत असेल आणि वर ते ऐकवत असेल.

मग अबोला. पण परिक्रमेत अबोला फार अवघड. समोरून येणारा प्रत्येक जण "नर्मदे हर" म्हणतो आणि उलट "नर्मदे हर" म्हणावंच लागतं. आम्ही दोघंही शेतकऱ्यांना, गुराख्यांना, गोळ्या मागणाऱ्या पोरांना तोंडभरून नर्मदे हर म्हणत होतो आणि मध्ये आमच्यात कडकडीत शांतता. हा शब्द तिथे सगळ्यालाच चालतो. नमस्कार, आभार, बाजूला व्हा, चहा आहे का, येतो आता. दुपारी एका ओढ्याच्या चढावर हे खाली हात पुढे करून उभे राहिले आणि म्हणाले, "नर्मदे हर." मी हात धरला. माफीलाही चालतो म्हणजे.

दुसऱ्या दिवसापासून मी पुढे. हा बदल दिसतो त्याहून मोठा आहे, कारण वेग पुढचा ठरवतो. यांना सुरुवातीला हळू चालण्याचा त्रास झाला, अगदी पोटऱ्या दुखल्या म्हणे. मग यांना पक्षी दिसायला लागले.

रात्री आम्ही वेगळे. परिक्रमेत ब्रह्मचर्य पाळायचं असतं आणि आश्रमात बायकांची आसनं बहुधा एकीकडे, पुरुषांची दुसरीकडे. एकतीस वर्षं ज्या घोरण्याला नावं ठेवली, ते पन्नास घोरण्यांतून ओळखू येतं का, हे मी अंधारात ऐकत पडायचे. येतं.

समुद्रापाशी भरतीची वाट बघत बसलो. नावेने समुद्रातून पलीकडे मिठी तलाईला उतरलो की काठ बदलतो. नदी उजवीकडेच राहते, पण दक्षिण तटावर सकाळी पाठीमागे असणारं ऊन आता थेट तोंडावर. तिकडे सकाळी माझ्या मागून येणाऱ्या यांची सावली लांबत माझ्या पायांपर्यंत यायची आणि मागे वळून न बघता मला कळायचं, आहेत. इकडे आल्यावर ती सोय गेली. मग पहिले काही दिवस मी उगाचच वळून बघत होते. यांनी विचारलं, "काय राहिलं?" म्हटलं, "काही नाही."

निघाल्याला तीन महिने होत आले तेव्हा महेश्वरला पोचलो. उगमाचं अमरकंटक अजून कितीतरी लांब. संध्याकाळी घाटाच्या पायऱ्यांवर पाय चेपत बसलो होतो आणि समोर तोच नावडातोडीचा काठ. हे म्हणाले, "तिथेच ना गं?" मी म्हटलं, "तिथेच."

पलीकडे दोन पांढरे ठिपके चालले होते, उशिरा निघालेले कुणीतरी. एक ठिपका बराच पुढे, दुसरा मागे. पुढचा काठावर थांबला, बसला. मागचा हळूहळू येत राहिला. तो जवळ पोचला तसा पुढचा उठला.

"अहो," हे तिकडे बघत एकदम मोठ्याने म्हणाले, "बसू द्या की तिला जरा!"