नरक्याची साल

आज मामीच्या केमोला सोबत गेलो होतो. आतड्याचा कॅन्सर आहे तिला. शाहूवाडीकडच्या पाहुण्यांनी मायेनं एक पुडी आणून दिलेली, नरक्याच्या सालीची पावडर. "जंगलातलं हाय, त्यानं काय अपाय हुतोय?" मामीनं ती पुडी पिशवीतनं काढून सरळ डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली. लई बरं वाटलं मला. बरेच पेशंट हे लपवतात.

नरक्या आपल्याच सह्याद्रीतलं झाड. त्यात कॅम्प्टोथेसिन नावाचं, कॅन्सरच्या पेशी मारणारं रसायन असतं. १९६६ मध्ये ते एका चिनी झाडातून वेगळं केलं, पण पेशंटना दिल्यावर लघवीतून रक्त जायला लागलं, जुलाब थांबेनात. त्यात बदल करून पुढं इरिनोटेकान हे केमोचं औषध बनलं. आज मामीला सलाईनमधून तेच चढवलं. आधी रक्त तपासलं, उंची-वजन बघून डोस ठरवला. पांढऱ्या पेशी फार कमी असत्या तर आजची केमोच पुढं ढकलली असती. चमचाभर पावडरीत कॅम्प्टोथेसिन किती आहे, कोण मोजणार?

संध्याकाळी पाहुण्यांना फोन करून सगळं सांगितलं. रागावले नाहीत. गावात आणखी दोघांना पुडी दिलीय म्हणे, उद्या सकाळीच त्यांच्याकडं जातो म्हणाले.