घर म्हणावं की सहल? ऑर्लँडोचा बंगला आणि आमची बँक

परदेशात पैसे पाठवायला बँकेत जायच्या आधी एक गोष्ट घरीच ठरवून जा: तुम्ही घर घेताय की फिरायला निघालाय? आमच्याकडं तेच ठरत नव्हतं, कारण जे घ्यायचं होतं ते धड घर नव्हतं आणि धड सहलही नव्हती. त्यापायी अंबाजोगाई ते लातूर रस्त्यावरची एसटीची वेळ मला तोंडपाठ झाली. रेणापूरला गाडी किती थांबते तेही सांगू शकते.

माझी लेक आणि जावई अमेरिकेत टॅम्पाला असतात. तिथून ऑर्लँडोचं डिस्ने वर्ल्ड, ते मोठं करमणुकीचं पार्क, जवळच. जावईबापूंच्या मनात भरलं होतं ते तिथल्या पॉलिनेशियन रिसॉर्टमधले पाण्यावरचे बंगले. तळ्यात खांबांवर उभे केलेले 20 बंगले आहेत, 2015 साली सुरू झालेले. दोन बेडरूम, स्वयंपाकघर, कपडे धुवायचं मशीन, अंगणात स्वतःचं छोटं पाण्याचं कुंड, आणि समोर तळ्यापलीकडं डिस्नेचा राजवाडा. रात्री आतषबाजी अंथरुणात बसून बघायची. आठ माणसं मावतात, आणि आम्ही बरोबर आठच होतो: आम्ही दोघं, लेकीकडची चौघं, पुण्याचा मुलगा आणि सून. जावईबापू म्हणाले, आई, दर वेळी भाडं भरण्यापेक्षा वाटाच घेऊन टाकू, निम्मा तुमचा, निम्मा आमचा. जावयाला तोंडावर नाही कोण म्हणणार? मी म्हटलं, कागद पाठवा, बघते.

कागद बघायला मला आवडतं. जिल्हा परिषदेच्या शाळेत आयुष्यभर गणित शिकवलंय.

याला टाइमशेअर म्हणतात, आणि डिस्नेची ही योजना 1991 पासून चालू आहे. पूर्वी टाइमशेअर म्हणजे वर्षातला ठरलेला आठवडा मिळायचा. इथं आठवडा मिळत नाही, पॉइंट मिळतात. जितके पॉइंट विकत घ्याल तितके दर वर्षी खात्यात जमा होतात आणि खोली, दिवस, हंगाम बघून खर्च होतात. साध्या खोलीला थोडे, पाण्यावरच्या बंगल्याला एका रात्रीला शंभराच्या वर. पाच रात्रींना आम्ही हिशेबाला सहाशे पॉइंट धरले. कंपनीकडून नवा पॉइंट दोनशे डॉलरच्या पुढंच जातो. म्हणजे दर वर्षी पाच रात्री हव्या असतील तर एक लाख वीस हजार डॉलर, रुपयात कोटीच्या वर. ते ऐकून आमच्या ह्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

पण जावईबापूंकडं उत्तर होतं. न वापरलेले पॉइंट पुढच्या वर्षात ढकलता येतात आणि येणाऱ्या वर्षाचे आधी उसने घेता येतात. मग दोनशेच पॉइंट घ्यायचे आणि तीन वर्षांचे एकत्र करून तीन वर्षांतून एकदा जायचं. दोनशे पॉइंट म्हणजे चाळीस हजार डॉलर. तेव्हा डॉलर 85 रुपये धरला, एकूण 34 लाख, आमचे निम्मे 17 लाख. हे आकडे निदान आमच्या घरात बोलता येण्याजोगे होते. निवृत्तीचे पैसे पोस्टात होते. ह्यांचं म्हणणं, लेकीनं पहिल्यांदाच काही मागितलंय. तर ठरलं, आधी बँकेत पैशाची वाट काय ते विचारून ठेवायचं, सही मागून.

आता बँक. नाव घेत नाही, माझी पेन्शन अजून तिथंच येते.

अंबाजोगाईच्या शाखेत सांगितलं, परदेशी व्यवहार इथं होत नाही, लातूरच्या मोठ्या शाखेत जा. ठीक आहे. लातूरला गेले तर तो टेबल सांभाळणारे साहेब प्रशिक्षणाला गेलेले. पुढच्या खेपेला भेटले. तरुण पोरगा, उत्तरेकडचा, बोलायला नम्र. त्यानं परदेशात पैसे पाठवायचा ए-2 फॉर्म काढून दिला. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं एका माणसाला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत बाहेर पाठवता येतात, त्यामुळं रकमेची अडचण नव्हती. अडचण होती फॉर्मवरच्या एका रकान्याची. पैसे कशासाठी पाठवताय त्याचा कोड लिहावा लागतो. शिक्षणाचा वेगळा, भेटीचा वेगळा, प्रवासाचा वेगळा, जमीन-घराचा वेगळा.

त्यानं विचारलं, "मॅडम, ये घर है या टूर है?"

मी म्हटलं घर, कारण कागदावर मालकी असं लिहिलंय. तो म्हणाला मग घराचा नंबर द्या. नंबर नाही, कारण या योजनेत अमुकच घर तुमचं असं नसतंच. इमारतीच्या एका भागात तुमचा काही टक्के अविभक्त हिस्सा असतो, आणि तोही दशांश चिन्हाच्या पुढं बरेच आकडे असलेला. आमचे हे शेजारी बसले होते. ते म्हणाले, अहो साहेब, सामाईक सातबारा असतो तसंच आहे, नाव आहे पण बांध पडलेला नाही. मला वाटलं यापेक्षा सोपं कुणी सांगूच शकणार नाही. पण साहेबांना सातबारा माहीत नव्हता. शेजारच्या टेबलावरच्या बाईंना माहीत होता. त्या म्हणाल्या, सामाईक असलं तरी जमीन कायमची असते, हे कायमचं आहे का? नाही. या बंगल्यांची मुदत 31 जानेवारी 2066 ला संपते. त्या दिवशी नाव कमी होतं आणि सगळं कंपनीकडं परत जातं. तेव्हा मी शंभरी ओलांडलेली असेन.

म्हणजे घर नाही, म्हणाला साहेब. मग प्रवास लिहू. प्रवास लिहायचा तर पासपोर्ट, व्हिसा, जायची तारीख, तिकीट. व्हिसा होता, तारीख नव्हती. चाळीस वर्षांच्या प्रवासाची तारीख कोणती देणार? तो परत मालकीच्या शब्दाकडं बोट दाखवायला लागला. शेवटी म्हणाला, वर विचारतो.

हे "वर" म्हणजे नक्की कुठं, ते मला कधीच कळलं नाही. एकदा सांगितलं संभाजीनगरला मेल केलाय. पुढं कळलं तिथून मुंबईला गेलाय. फोन केला की "उत्तर आलं की कळवतो". मधल्या काळात करारनाम्याचा मसुदा मागितला, तो दिला. मग त्याची प्रत्येक पानावर सही केलेली प्रत मागितली. करारनामा केवढा जाड असतो हे विचारू नका. बँकेखालच्या झेरॉक्सवाल्याला मी इतकी पानं काढायला लावली की त्यानं शेवटी पैसे कमी घेतले. मग त्या पोराची बदली झाली. नव्या साहेबांनी फाइल उघडली आणि पहिला प्रश्न केला, "बाई, हे नेमकं काय आहे, घर का?"

मी शाळेत कधी पोरावर हात उचलला नाही. त्या दिवशी तो नियम आठवावा लागला.

नव्या साहेबांनी एक काम मात्र केलं, कराचं नीट सांगितलं. एप्रिल 2025 पासून, बाहेर पाठवलेली रक्कम वर्षाला दहा लाखांच्या वर गेली की वरच्या रकमेवर 20 टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, बँक कापून घेते. शिक्षण आणि औषधोपचाराला वेगळा दर आहे, घराला हाच. आमच्या 17 लाखांत सात लाखांवर एक लाख चाळीस हजार. ते बुडत नाहीत, विवरणपत्रात परत मागता येतात, पण पेन्शनवाल्याचा कर तो केवढा, परतावा येईपर्यंत पैसे अडकलेच. इथं एक सांगून ठेवते, कारण आम्हाला हे कुणी आपणहून सांगितलं नाही: दहा लाखांची मर्यादा माणशी असते. नवरा-बायको दोघांचाही वाटा असेल आणि दोघांनी आपापल्या खात्यातून, आपापल्या पॅनवर साडेआठ-साडेआठ लाख पाठवले, तर टीसीएस लागतच नाही.

आणि दुसरं. परदेशी मालमत्तेत नाव लागलं की "सहज" म्हणजे आयटीआर-1 भरता येत नाही. आयटीआर-2 भरायचा आणि त्यातल्या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात ती दर वर्षी दाखवायची. वर्षाकाठी सीएची फी आली. ही फी अमेरिकेतल्या कुठल्याच माहितीपत्रकात नसते.

उत्तराची वाट बघत घरी बसले होते तेव्हा वही काढली. जावईबापू आजही म्हणतात, बँकेनं उशीर केला म्हणून बरं झालं. मी हे श्रेय बँकेला देणार नाही. हिशेब मी केला.

आधी तो वार्षिक खर्च. पॉइंट घेतले म्हणजे झालं असं नसतं. देखभाल, विमा, तिथला कर, सगळं धरून दर पॉइंटमागं दर वर्षी आठ डॉलरच्या आसपास भरावे लागतात, जा किंवा जाऊ नका. दोनशे पॉइंटचे सोळाशे डॉलर, आमच्या वाट्याला 68 हजार रुपये, आणि हा आकडा वाढतच जातो. आता ते 17 लाख. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत 8.2 टक्के मिळतात, म्हणजे वर्षाला 1 लाख 39 हजार 400 रुपये व्याज. ते गेलं. दोन्ही मिळून 2 लाख 7 हजार 400. तीन वर्षांतून एक सहल, म्हणून तीननं गुणलं: 6 लाख 22 हजार 200. एका सहलीच्या पाच रात्रींचा आमचा निम्मा खर्च. विमान नाही, जेवण नाही, पार्कची तिकिटं नाहीत. पार्कचं तिकीट दिवसाला माणशी शंभर डॉलरच्या वर असतं, आणि तीन वर्षं पूर्ण झालेल्या लेकरालाही लागतं.

मग दुसरी बाजू. ज्यांनी पॉइंट घेतलेत पण त्या वर्षी जायचं नाही, ते पॉइंट भाड्यानं देतात. पॉइंटला वीस डॉलर धरले तर सहाशेचे बारा हजार डॉलर, आमचे निम्मे 5 लाख 10 हजार. म्हणजे तोच बंगला, त्याच पाच रात्री, लाखभर रुपये कमी, आणि मुद्दल पोस्टात जागच्या जागी. हा हिशेब मी लाल पेनानं चौकोन करून व्हॉट्सॲपवर पाठवला. जावईबापूंचा बराच वेळ फोन आला नाही.

आला तेव्हा म्हणाले, पुढं भाडंही वाढेल की. वाढेल. आणि जुन्या मालकाकडून पॉइंट घेतले तर स्वस्त पडतात, तेही खरं. पण त्यात कंपनीला पहिला हक्क असतो, ठरलेल्या भावात तीच घेऊ शकते. शिवाय 19 जानेवारी 2019 नंतर असे जुने पॉइंट घेतले असतील तर रिव्हिएरासारखं नवं रिसॉर्ट त्यावर मिळत नाही. जे टॅम्पाला राहतात, दर वर्षी जातात, साध्या खोलीत भागवतात, त्यांना स्वतःचे पॉइंट परवडतीलही. त्यांचा हिशेब त्यांनी करावा. माझा पोस्टाच्या व्याजावर चालतो.

बाकी एक गोष्ट कुणी सांगत नाही. मालक झालात तरी बंगला हातात नसतो. आपल्या रिसॉर्टला 11 महिने आधी, दुसऱ्या रिसॉर्टला 7 महिने आधी बुकिंग उघडतं. वीसच बंगले. नाताळच्या सुट्टीत हवा असेल तर पहिल्याच सकाळी संगणकासमोर बसा. शाळेचे प्रवेश काय वेगळे असतात.

शेवटी तोडगा काढला लेकीनं. डिस्नेच्याच साराटोगा स्प्रिंग्स रिसॉर्टमध्ये झाडीत उंचावर बांधलेली 60 घरं आहेत. तीन बेडरूम, नऊ माणसं, समोर तळं नाही, राजवाडा नाही, पण पॉइंट बंगल्याच्या निम्म्याहून कमी. रात्रीला पन्नास धरले, पाच रात्रींचे अडीचशे, भाड्यानं पाच हजार डॉलर, सव्वाचार लाख रुपये. आठ माणसं, पाच रात्री, माणशी रात्रीला 10 हजार 625. पाण्यावरच्या बंगल्याला हाच आकडा 25 हजार 500 येत होता. आतषबाजी बघायला नातवंडांना पार्कमध्येच उभं करू, म्हणाली.

पैसे जावयानं तिकडंच भरले. आमचा निम्मा असा फेडला की उन्हाळ्यात ते चौघं गावाकडं येणार होते, त्यांची विमानाची तिकिटं आम्ही इथून रुपयात काढली. ए-2 फॉर्म नाही, कोड नाही, टीसीएस नाही. घरचा मामला असेल तर हा मार्ग आधी बघा.

भाड्याचे पॉइंट घेताना मात्र जपा. मालक ओळखीचा असावा किंवा मध्ये नाव असलेला दलाल. रद्द केलं तर पैसे बहुतेक परत मिळत नाहीत, म्हणून करारात रद्द करण्याची अट आधी वाचा. बुकिंगचा क्रमांक हातात आला की तो डिस्नेच्या ॲपमध्ये टाकून नाव आणि तारखा दिसतात का ते त्याच दिवशी बघा. तारखाही घाईनं देऊ नका. सप्टेंबरात पॉइंट कमी लागतात, पण तो फ्लोरिडातला वादळांचा महिना आणि आमच्याकडं सोयाबीन काढणीचा. ह्यांनी तर स्पष्टच सांगितलं, रान मोकळं झाल्याशिवाय मी विमानात बसत नाही. म्हणून जानेवारीतली तारीख घेतलीय, हरभरा उभा असताना. बँकेतला तो अर्ज मी मागं घेतलेला नाही. उत्तर यायचंय.