पिकत घातलेला हेडफोन

नवा हेडफोन घरी आला की तो लगेच कानाला लावायचा नाही, असं एक शास्त्र आहे. आधी त्याचं ‘बर्न-इन’ करायचं. म्हणजे तो फोनला जोडायचा, त्यात एक ठरावीक खरखर लावायची आणि कोणी ऐकत नसताना तसाच वाजत ठेवायचा. किती वेळ, यावरून पंथ पडलेत. कोणी ४० तास म्हणतो, कोणी १००, आणि जरा जास्तच भाविक असला तर २००. तेवढे तास भरले की म्हणे आतला पडदा मोकळा होतो, बेस भरून येतो, वरच्या पट्टीतली टोचणी जाते. या पंथात वायरींचंही बर्न-इन करणारे आहेत. त्यांना आपण लांबून नमस्कार करू.

माझा हेडफोन कपाटात गोधड्यांच्या मध्ये वाजत होता. मुक्कामाला आलेल्या ताईने पांघरूण काढायला कपाट उघडलं आणि विचारलं, “हे काय पिकत घातलंस?”

जळगाव जिल्ह्यात हा प्रश्न अगदी रीतसर आहे. रावेर-यावलकडून कोणी ना कोणी हिरव्या केळ्यांची फणी आणून देतो, आणि ती पोत्यात गुंडाळून कुठल्यातरी कोपऱ्यात जाते. पण केळं पिवळं पडतं, घरभर वास सुटतो, पिकलं की नाही याचा वाद राहत नाही. हेडफोन १०० तासांनंतरही दिसायला तसाच काळा. आवाज बदलला का हे ठरवायचं तर आजच्या आवाजाशेजारी पहिल्या दिवशीचा आवाज ठेवायला हवा, आणि कानाची बारकाव्यांची आठवण जेमतेम काही सेकंद टिकते. तरी गंमत बघा, १०० तासांनी हेडफोन बिघडला असं कोणीच सांगत नाही. सगळे गोडच पिकतात, एकही सडत नाही!

ती खरखर मात्र विचारपूर्वक निवडलेली असते. माणसाच्या कानाची हद्द साधारण २० ते २०,००० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला तेवढी कंपनं. व्हाइट नॉइज नावाच्या खरखरीत प्रत्येक हर्ट्झला सारखीच ऊर्जा असते. १०,००० ते २०,००० हे एकटं सप्तक (कंपनं दुप्पट झाली की एक सप्तक) त्या हद्दीतली जवळजवळ अर्धी जागा अडवतं, त्यामुळे तो आवाज नुसता सूं सूं करत कानात घुसतो. बर्न-इनला लावतात त्या पिंक नॉइजमध्ये वाटणी सप्तकाप्रमाणे होते, खालच्याला जितकं तितकंच वरच्याला; त्यासाठी दर सप्तकाला ३ डेसिबलची उतरण ठेवलेली असते. म्हणून तो भरीव लागतो आणि पडद्याला सगळीकडून सारखा व्यायाम देतो.

मे महिन्यात आमच्या घरात हा आवाज कळतसुद्धा नाही, कारण कूलर त्याच सुरात चालू असतो. एका दुपारी लाइट गेली, कूलर थांबला आणि फोनच्या बॅटरीवर कपाटातलं चालूच राहिलं. आजी अमळनेरकडची. ती भिंतीला कान लावून म्हणाली, “हाऊ कसाना आवाज शे रे भो?” उंदीर नाही हे तिला पटवायला मला कपाट रिकामं करून दाखवावं लागलं.

या विषयातला खरा जाणकार मला भेटला तो हळदीच्या मांडवात. आमच्याकडे हळदीला आणि वरातीला साउंड लागतोच, आणि तोही असा की गल्लीतल्या पत्र्यांनी ताल धरला पाहिजे. तो साउंडवाला अठरा इंची नवे स्पीकर आधी दोन-तीन कार्यक्रम बेताने वाजवतो, मग मोकळे सोडतो. “नवा कडक राहतो भाऊ,” एवढंच त्याचं स्पष्टीकरण.

आणि ते बरोबर आहे. मोठ्या स्पीकरचा कोन, म्हणजे हलणारा शंकू, बाहेरच्या कडेने आणि आत स्पायडर नावाच्या वळ्यावळ्यांच्या कापडी चकतीने तोलून धरलेला असतो. ती चकती रेझिनमध्ये बुडवून ताठ केलेली असते. स्पीकर वाजू लागला की तो ताठपणा मोडतो, चकती सैलावते आणि स्पीकरचा स्वतःचा मूळ कंप काही हर्ट्झने खाली उतरतो. नेव्हिल थील आणि रिचर्ड स्मॉल या अभियंत्यांच्या नावाने ओळखली जाणारी स्पीकरची मापं घेण्याआधीसुद्धा तो वाजवून सैल करून घेतात. हेडफोनमध्ये मात्र बहुधा हा स्पायडरच नसतो. केसाहून पातळ प्लॅस्टिकचा एक पडदा, त्याचीच कड त्याला धरून ठेवते. मोडायला ताठपणाच फारसा नाही, तर १०० तास मोडायचं काय?

भाच्याने तेवढ्यात एक वेगळाच उद्योग केला. स्वीप, म्हणजे खालून वर चढत जाणारा एक सलग सूर, लावून त्याने हेडफोन माझ्या कानावर चढवला. १३-१४ हजार हर्ट्झच्या आसपास मी म्हटलं, संपलं. त्याने एक बाजू स्वतःच्या कानाला लावली आणि म्हणाला, “मामा, चालूच आहे की.” वयाबरोबर वरची पट्टी अशीच गळत जाते. कपाटातल्या खरखरीतला वरचा काही भाग मला ऐकूच न येणाऱ्या सुरांची तब्येत सुधारत होता तर.

हेडफोनमध्ये डोळ्यांना दिसेल असं बदलतं ते एकच, कानावरच्या गाद्या. नव्या असताना त्या फुगीर असतात, चष्म्याच्या काडीपाशी फट राहते आणि तिथून बेस निसटतो. वापरून, घामाने, डोक्याच्या उबेने त्या दबतात, कानाभोवती नीट बसतात, पडद्याचं कानापासूनचं अंतरही कमी होतं. आवाज खरोखर बदलतो. फक्त त्यासाठी आत डोकं लागतं, आणि ते गोधड्यांमध्ये नव्हतं.

“मग घालून बस ना,” ताई म्हणाली. बाहेर पारा ४४ वर, लाइटचा भरवसा नाही आणि कानाला रेक्झिनच्या गाद्या! ते काम भाच्याने आनंदाने घेतलं. दुपारभर तो गेम खेळत हेडफोन घालून बसायचा, घामाघूम होईपर्यंत. आता गाद्या झकास बसल्या आहेत, पण त्याच्या डोक्याच्या मापाने. मला अजून चष्म्यापाशी फट राहते आणि तो हेडफोन धुळ्याला घेऊन जायचं म्हणतोय.