स्पिटफायरशेजारचा वैमानिक: १/३२ फिगर कुठवर आली

१/३२ मापातलं, म्हणजे खऱ्याच्या बत्तिसाव्या भागाएवढं, स्पिटफायर मार्क १ या ब्रिटिश लढाऊ विमानाचं मॉडेल तयार आहे. आता त्याच्या डाव्या पंखाच्या मुळाशी उभा राहणारा वैमानिक करायला घेतलाय. डावीकडेच, कारण कॉकपिटचं खाली उघडणारं दार त्या बाजूला आहे आणि चढणं-उतरणं तिथूनच व्हायचं. काळ १९४० चा उन्हाळा, म्हणजे अंगात निळसर करडा गणवेश, त्यावर मे वेस्ट (जीवरक्षक जॅकेट), पायात काळे फ्लाइंग बूट, डोकं उघडं.

आजवर मी विमानंच केली. त्यात वैमानिक असला तरी तो खुर्चीत बसलेला, मास्क आणि गॉगलमागे झाकलेला, वर कॅनपी, म्हणजे कॉकपिटचं पारदर्शक झाकण. एक वॉश (खाचांत साचणारा पातळ गडद रंग) दिला की भागायचं. उघड्या चेहऱ्याचा, दोन पायांवर उभा माणूस हे निराळंच काम आहे. आपल्यातल्या ज्या विमानवाल्यांच्या मनात फिगर (माणसाची छोटी मूर्ती) करून बघायचं असेल त्यांच्यासाठी इथवरचं सगळं लिहून ठेवतो.

आधी मापं. पावणेदोन मीटर उंचीचा माणूस १/३२ मध्ये साधारण ५५ मिलिमीटर भरतो. त्यामुळे फिगरवाल्यांचं ५४ मिमी हे जुनं माप आपल्या १/३२ विमानांना बिनधास्त चालतं. तोच माणूस १/४८ मध्ये ३६ मिमी, १/७२ मध्ये २४. रणगाड्यांच्या दुनियेतल्या १/३५ फिगर संख्येने भरपूर मिळतात आणि मोह होतो, पण त्यात हाच माणूस ५० मिमीचा. नुसता उभा केला तर कळणार नाही, १/३२ च्या पंखाजवळ मात्र खुजा दिसतो.

याच मापात स्पिटफायरच्या पंखांचा पसारा ३५ सेंटिमीटर आहे आणि वैमानिकाचं डोकं जेमतेम ७ मिलिमीटर. बुबुळ अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान. पण बारीकपणा हा यातला खरा अवघड भाग नाही. कॉकपिटमधल्या डायलवर आपण त्याहून बारीक कामं करतो. अवघड आहे तो उजेड. पंख मोठा आणि सपाट असतो, त्यावर खोलीतला दिवा पडतो आणि छटा आपोआप उमटतात. ५५ मिमीच्या माणसाच्या कोटाची चुणी इतकी उथळ की तिच्यात खरी सावली धरतच नाही. कपाळ इतकं लहान की खरा उजेड त्यावर वेगळा दिसत नाही. म्हणजे विमानावर प्रकाश पडतो, माणसावर तो रंगवावा लागतो. हे एकदा लक्षात घेतलं की पुढचे जवळजवळ सगळे निर्णय त्यातूनच निघतात.

जोडणी

फिगर रेझिनची आहे. आपल्या सवयीचा पातळ प्लास्टिक सिमेंट इथे कामाचा नाही, कारण तो पॉलिस्टायरीन विरघळवून सांधा वितळवतो आणि रेझिनवर त्याचा काही परिणाम होत नाही. सुपरग्लू लागतो. साच्यातून भाग सुटावा म्हणून लावलेला तेलकट थर रेझिनवर राहिलेला असतो. कोमट पाणी, भांड्यांचा साबण आणि जुना टूथब्रश घेऊन सगळे भाग धुतले, वाळवले आणि मगच हात घातला. घासकाम ओल्या पॉलिश पेपरने, तोंडावर मास्क लावून. रेझिनची भुकटी फुफ्फुसांना वाईट, इथे हयगय नको.

दोन्ही खांदे आणि मान यांना अर्ध्या मिलिमीटरची पितळी तार घातली. त्या तारेवर हात फिरवून बघता येतो, खांदा कुठे बसतो ते गोंद लावायच्या आधी ठरवता येतं. पायांच्या तळव्यांतून दोन जाड तारा खाली काढल्या. रंगवताना त्या लाकडाच्या दांड्यात खोचल्या आहेत आणि शेवटी त्याच तारांनी वैमानिक पायथ्यावर बसेल. फिगरला बोट लावायची वेळच येत नाही.

सांध्यांच्या बाबतीत विमानाची सवय जरा मोडावी लागते. फ्यूजलाजवरची (विमानाच्या धडावरची) शिवण आपण भरतो, घासतो आणि नाहीशी करतो. खांद्याच्या सांध्यावर तसं केलं तर बाहीचा तो भाग कापडाऐवजी पाइपसारखा दिसेल. तिथे दोन भागांची इपॉक्सी पुट्टी भरली आणि ती मऊ आहे तोवर, ओल्या सिलिकॉन टोकाच्या हत्याराने छातीवरची चुणी सांध्यावरून ओढून बाहीपर्यंत नेली. काखेतून निघणाऱ्या चुण्या ताणाच्या दिशेने पसरतात. हात पुढे असेल तर पाठीवरून, खाली असेल तर फासळ्यांकडे. आरशासमोर जाड कोट घालून उभं राहिलं की हे पाच मिनिटांत कळतं.

प्राइमर आणि एक फोटो

हा टप्पा विमानवाल्यांना सर्वात सोपा, कारण एअरब्रश आपल्या हातात आधीपासून आहे. सगळीकडे काळा प्राइमर मारला. तो वाळल्यावर डोक्याच्या वरून, थोडा पुढून, पांढरा. फक्त त्याच दिशेने, बाजूने किंवा खालून अजिबात नाही. जिथे वरचा उजेड पोचेल तिथे पांढरं, जिथे नाही तिथे काळं, मधे करडं. प्रीशेडिंगसारखंच (मुख्य रंगाआधी गडद छटा मारून ठेवणं), फक्त आपण पॅनल लाइनींच्या (पत्र्यांमधल्या सांध्यांच्या रेघांच्या) मागे जातो आणि इथे सूर्याच्या मागे जायचं.

मग फिगरचा सगळ्या बाजूंनी फोटो काढून ठेवला. हा फोटो म्हणजे माझा नकाशा. रंगाचे थर चढले की खालचं काळं-पांढरं झाकलं जातं, पण कुठल्या चुणीचा कुठला काठ उजळ ठेवायचा हे फोटोत कायम राहतं. रोज काम सुरू करण्याआधी तो बघतो.

चेहरा

सर्वाधिक वेळ इथे गेला आणि अजूनही जातोय.

विमानवाल्याचा हात पहिल्यांदा वॉशकडे जातो. चेहऱ्यावर तो नको, आणि का नको ते समजून घेण्यासारखं आहे. वॉश खोलगट जागी साचतो. पॅनल लाइन खोलगटच असते, म्हणून तिथे तो चोख काम करतो. पण चेहऱ्यावरच्या सावल्या खोलीमुळे पडत नाहीत, दिशेमुळे पडतात. नाकाखाली, खालच्या ओठाखाली, जबड्याखाली सावली असते ती तो भाग खाली तोंड करून असल्यामुळे. तिथे खाच असेलच असं नाही. वॉशला खोली कळते, उजेड कुठून येतोय ते कळत नाही. ड्रायब्रशिंगचंही (जवळजवळ कोरडा ब्रश फिरवण्याचंही) तसंच, त्याला फक्त उंचवटे कळतात, मग तो हनुवटीच्या खालची कडसुद्धा वरच्या कडेइतकीच उजळवतो.

म्हणून पहिला थर अॅक्रिलिकमध्ये, तांबूस झाक असलेला मध्यम त्वचारंग. त्यावर लगेच डोळे. ते आधी रंगवले की आजूबाजूची त्वचा रंगवताना त्यांच्या कडा कापून नीट करता येतात. खोबणीत गडद तपकिरी, त्यात मळकट पांढऱ्याची बारीक रेघ (शुद्ध पांढरा घेतला की डोळे वटारल्यासारखे दिसतात), आणि वरच्या पापणीला चिकटलेलं बुबुळ. स्वस्थ डोळ्यात बुबुळाचा वरचा भाग पापणीखाली असतो. अख्खं गोल बुबुळ दिसलं की माणूस दचकलेला वाटतो. माझा वैमानिक उन्हात उभा राहून आकाशाकडे बघतोय, त्यामुळे डोळे किलकिले ठेवले: वरच्या पापणीची गडद रेघ, खाली पांढऱ्याचा नुसता भास. दोन्ही बुबुळं एकाच बाजूला वळवली, समोर बघणाऱ्या डोळ्यांपेक्षा ती जुळवायला सोपी जातात.

ब्रशबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगतो. यासाठी ट्रिपल झिरो (अगदी बारीक नंबरचा ब्रश) लागत नाही. त्याच्या पोटात रंग इतका थोडा राहतो की चेहऱ्यापर्यंत पोचेतो टोकावर वाळतो. चांगल्या केसांचा, टोक शाबूत असलेला एक नंबरचा ब्रश पोटात रंग धरतो आणि टोकाने बुबुळही काढतो.

डोळ्यांनंतर तैलरंग. टायटॅनियम व्हाइट, यलो ऑकर, बर्न्ट सिएना, बर्न्ट अंबर, एवढ्यांवर त्वचा होते. रंग आधी पुठ्ठ्यावर काढून थोडा वेळ ठेवतो, म्हणजे जादा जवस तेल पुठ्ठा शोषून घेतो आणि नंतरची चमक कमी होते. नाकाखाली आणि जबड्याखाली बर्न्ट अंबरचा ठिपका, नाकाच्या दांड्यावर, गालाच्या हाडावर आणि कपाळावर उजळ मिश्रणाचा. मग कोरड्या स्वच्छ ब्रशने दोघांच्या सीमेवर हलके ठोके देत राहायचं, सीमा विरघळेपर्यंत. तैलरंग तासन्‌तास ओला राहतो, घाई नसते. अॅक्रिलिकच्या वेगाला सरावलेल्या माणसाला ही सवड फार सुखाची वाटते.

छटांपलीकडे चेहऱ्याला रंगांचे पट्टेही असतात. कपाळाकडे किंचित पिवळसर, नाक-गाल-कान यांत रक्त जास्त म्हणून तांबूस, आणि दाढी केलेल्या माणसाच्या जबड्यावर निळसर करडी झाक. रॉयल एअर फोर्समध्ये तेव्हा दाढी ठेवायला परवानगी नव्हती, मिशी चालायची. त्यामुळे ही जबड्यावरची झाक माझ्या वैमानिकाला हवीच होती. अगदी पातळ ग्लेझ (पारदर्शक थर), दुरून जेमतेम जाणवेल इतका. तो दिल्यावर चेहऱ्याचं वय ठरलं.

गणवेश

ट्यूनिक (गणवेशाचा कोट) निळसर करडा. सावलीसाठी काळा न वापरता गडद निळ्यात थोडा तपकिरी मिसळला, उजेडासाठी फिकट करड्यात त्वचारंगाचा थेंब. विमानाला स्केल इफेक्ट म्हणून (लहान मॉडेल दुरून पाहिल्यासारखं दिसावं यासाठी) आपण रंग थोडे फिके करतो. इथे फिके न करता अंतर वाढवायचं. हातात धरून अतिरेकी वाटणारा गडद-उजळ फरक विमानाशेजारी हातभर अंतरावरून बरोबर दिसतो. म्हणून दर थराला फिगर उचलून पंखाजवळ नेऊन बघतो.

मे वेस्टने मात्र मला विमानाची मजा परत दिली. १९३२ पॅटर्नचं हे जीवरक्षक जॅकेट मुळात खाकी कापडाचं. समुद्रात पडलं तर दिसावं म्हणून १९४० मध्ये बऱ्याच वैमानिकांनी ते पिवळ्या रंगाने रंगवून घेतलं. म्हणजे कापडावर ब्रशने फासलेला रंग, घड्यांवर तडकलेला, कडांना घासून खालची खाकी दाखवणारा. ते तसंच रंगवलं: आधी खाकी, वर असमान पिवळा, मग स्पंजच्या तुकड्याने कडांवर खाकी ठिपके. पंखाच्या मुळाशी रंग उडालेला दाखवायला जे करतो तेच. पिवळ्याची सावली ऑकर आणि तपकिरीने केली. पिवळ्यात काळा पडला की तो हिरवा होतो.

छातीवरचे विंग्ज (वैमानिकाचं पंखांचं चिन्ह) या जॅकेटखाली झाकले जातात. बाहीवरची पट्टी मात्र दिसते. फ्लाइंग ऑफिसरची एकच पट्टी, काळ्या पट्ट्याच्या मधे फिकट निळी, १/३२ मध्ये अर्ध्या मिलिमीटरच्या आत. डिकॅल (पाण्यात भिजवून चिकटवायचं छापील चित्र) बाहीच्या चुण्यांवर बसायला कुरकुरतो, त्यामुळे ती रंगवली: आधी काळी, मग मधे निळी, मग दोन्ही बाजूंनी काळ्याने कापून सरळ.

शेवटी चमक. विमानावर डिकॅलसाठी ग्लॉस, मग मॅट हा आपला क्रम. फिगरवर चमक शत्रू आहे, कारण चमकणाऱ्या गालावर खोलीतला खरा दिवा दिसतो आणि तो रंगवलेल्या उजेडाशी भांडतो. सगळं मॅट केलं, आणि त्यानंतर फक्त बुटांवर आणि खालच्या ओठावर सॅटिन.

सध्या चेहरा, ट्यूनिक आणि मे वेस्ट झालेत. हात आणि बूट बाकी. पॅराशूट त्याच्या अंगावर नाही. उड्डाणाचा हुकूम आला की लगेच चढवता यावं म्हणून ते पुष्कळदा पंखाच्या टोकावर किंवा शेपटाच्या आडव्या पंखावर ठेवलेलं असायचं, तसंच ठेवणार आहे. त्याचे पट्टे शिशाच्या पातळ पत्र्यातून कापतोय, कॉकपिटमधले सटन हार्नेसचे (वैमानिकाला खुर्चीला बांधणारे) पट्टे केले तसेच. त्यानंतर पायथा. दुसरा वैमानिक इर्विन जॅकेटमधला असेल. लेस्ली इर्विन यांच्या त्या मेंढीच्या कातड्याच्या जॅकेटची सुरुवातीची घडण मोठ्या तुकड्यांची होती, युद्ध लांबलं तशी लहान तुकड्यांची आणि जास्त शिवणींची झाली. १९४० साठी मोठ्या तुकड्यांचं हवं, म्हणून त्या फिगरवरच्या दोन शिवणी पुट्टीने बुजवून घेणार आहे.