बरोबर टर्मसुद्धा परत यायची

मागच्या आठवड्यात मी केलेला एक रिव्ह्यू माझ्या मेंटॉरनी वाचला आणि एवढंच विचारलं, "उत्तर तू का दिलंस?"

भारतातल्या आमच्या टीममध्ये नुकत्याच लागलेल्या एका मुलीनं हाताळलेली केस होती, औषध घेतल्यावर एका पेशंटला झालेल्या त्रासाची. रिपोर्टमध्ये तीन गोष्टी होत्या: पोटदुखी, वाढलेलं अमायलेज, वाढलेलं लायपेज (ही दोन्ही स्वादुपिंडाची एन्झाइम्स). तिनं तिन्हींची मिळून एकच टर्म दिली, पॅन्क्रिॲटायटिस, म्हणजे स्वादुपिंडाची सूज. मी लिहिलं, "चूक. निदान दिलेलं नाही. तिन्ही टर्म स्वतंत्र घ्या." नियमाला धरून होतं, मोजक्या शब्दांत होतं. मला तर तो चांगला रिव्ह्यू वाटला होता. त्यामुळे मेंटॉरचा प्रश्न लागला. दोन दिवस डोक्यातून जाईना.

तुमच्यापैकी बरेच जण विचारतात, तू तिकडे नक्की करतेस काय? तर हेच. औषध घेतल्यावर कुणाला काही त्रास झाला की डॉक्टर, नर्स किंवा पेशंट स्वतः तो आपापल्या शब्दांत कळवतात. त्या शब्दांना आम्ही व्हर्बेटिम म्हणतो. मेड्रा नावाच्या वैद्यकीय शब्दकोशात त्या व्हर्बेटिमशी जुळणारी टर्म शोधायची, हे कोडिंग. या शब्दकोशाच्या सगळ्यात खालच्या पातळीवर ८० हजारांहून जास्त टर्म आहेत आणि सगळ्यात वर २७ गट. दर मार्च आणि सप्टेंबरला नवी आवृत्ती येते. एखाद्या औषधानं स्वादुपिंडाला सूज येते का, हे उद्या कुणी तपासेल तेव्हा तो आमच्याच टर्म मोजणार. रिपोर्टमध्ये नसलेलं निदान मी घातलं तर आकडा खोटा फुगतो. असलेलं निदान भलत्या टर्मखाली टाकलं तर खरा धोका विखरून दिसेनासा होतो.

साडेतीन वर्षांपूर्वी भारतातून इथे आले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात मीही अगदी हीच चूक केली होती. एम. फार्म. आणि पाच वर्षांचा अनुभव घेऊन. तेव्हा मेंटॉरनी केस उघडली आणि म्हणाल्या, "हा शब्द रिपोर्टमध्ये कुठे आहे, दाखव." मी समजावू लागले, की दोन्ही एन्झाइम्स एकदम वाढली म्हणजे डॉक्टरांच्या मनात तेच असणार. त्यांनी ऐकून घेतलं आणि पुन्हा तेच वाक्य म्हणाल्या. शब्द दाखव. शब्द नव्हता. मग त्यांनी मला रिपोर्टरसाठी, म्हणजे त्रास कळवणाऱ्यासाठी, क्वेरी लिहायला बसवलं: निदान झालं आहे का, झालं असेल तर काय?

तो पहिला महिना मला असह्य झाला होता, हे आज मोकळेपणानं लिहिते. चूक परत आली तर समजू शकते. पण या बाई बरोबर टर्मसुद्धा परत पाठवायच्या! शेजारी लिहिलेलं असायचं, "ही का?" चाळीस व्हर्बेटिमची यादी द्यायच्या. त्यातल्या सात-आठ चुकीच्या म्हणून परत यायच्या आणि पाच-सहा बरोबर असलेल्या. कुठल्या बरोबर आणि कुठल्या चूक, ते सांगायच्या नाहीत. प्रत्येकीखाली कारण लिहायचं, कोणत्या दोन टर्ममध्ये अडकले होते तेही लिहायचं. संध्याकाळी घरी जाताना मला रडू यायचं. वाटायचं, माझ्यावर विश्वास नाही, मी बाहेरून आलेय म्हणून पारखून घेताहेत.

नंतर कळलं, की त्या सगळ्यांच्याच बाबतीत असं करतात. आणि त्यामागचं कारण माझं मला सापडलं ते 'एआर'च्या केसमध्ये. पेशंटच्या पूर्वेतिहासात नुसतं 'एआर' लिहिलं होतं. हृदयाची केस, म्हणून मी एओर्टिक रिगर्जिटेशन, म्हणजे हृदयाची झडप गळणं, घेतलं. "ही का?" असं परत आलं आणि कारण लिहायला बसले तेव्हा लक्षात आलं, माझ्याकडे कारणच नाही. अॅलर्जिक ऱ्हायनायटिस, म्हणजे अॅलर्जीची सर्दी, तीसुद्धा एआरच. आर्टेरियल रीस्टेनोसिस, म्हणजे धमनी पुन्हा अरुंद होणं, तेसुद्धा एआरच. टर्म कदाचित बरोबर असेलही, पण मी तिच्यापर्यंत अंदाजानं पोचले होते, आणि हाच अंदाज पुढच्या केसमध्ये मला खड्ड्यात घालणार होता. रिपोर्टरला विचारायचं, आणि उत्तर आलंच नाही तर 'इल-डिफाइन्ड डिसऑर्डर' घ्यायचं. अपुरी माहिती अपुरी म्हणूनच नोंदवायची. हे वाक्य मी याआधी ट्रेनिंगच्या स्लाइडवर दहादा वाचलेलं होतं.

त्या यादीतले काही नमुने मी अजून जपून ठेवलेत. 'हिरवा झाला.' कोण हिरवा झाला? पेशंट, की औषधाची गोळी? तिथे 'अनइव्हॅल्युएबल इव्हेंट', म्हणजे नक्की काय झालं ते ठरवता येत नाही अशी घटना, याशिवाय काही देता येत नाही. दुसरा नमुना, हायपरकॅलेमिया आणि शेजारी पोटॅशियम १.६. शब्द सांगतो पोटॅशियम वाढलं, आकडा सांगतो धोकादायक इतकं घसरलं. शब्दावर विश्वास ठेवायचा की आकड्यावर? एकावरही नाही. पोटॅशियम बिघडलंय एवढंच खात्रीनं म्हणता येतं, म्हणून 'सीरम पोटॅशियम अॅबनॉर्मल', आणि सोबत क्वेरी. आपोआप टर्म काढणाऱ्या ऑटोकोडरवर विसंबणाऱ्यांना दाखवायचं ते उदाहरण तर या क्षेत्रात प्रसिद्ध आहे: सन २००० च्या 'फॉल'मध्ये, म्हणजे शरद ऋतूत, हार्ट अटॅक आला, असं लिहिलेलं आणि मशीननं दोन टर्म काढल्या, हार्ट अटॅक आणि पडणं.

आता तुलना करायची तर मला आधी आपल्या बाजूनं बोलायचं आहे. जगभरच्या केसेसचा मोठा भार भारतातली मुलं-मुली उपसतात. वेगात, रात्रपाळ्या करून, आणि डोक्यानं ती इथल्या कुणापेक्षाही तसूभर कमी नाहीत. मेड्राची नवी आवृत्ती आली की कोणती टर्म बदलली हे इथे माझ्या शेजाऱ्याला कळायच्या आत तिकडे पाठ झालेलं असतं. इथे "इंडिया टीमची क्वालिटी" असं कुणी विशिष्ट सुरात म्हणालं की मी गप्प बसत नाही. दिवसाला ठरलेल्या केसेस पूर्ण करायच्या असतात तेव्हा "ही का?" विचारायला कुणाला सवड मिळणार? आम्हाला तिकडे मिळालं ते आठवडाभराचं प्रेझेंटेशन, एसओपी (कामाची लेखी पद्धत) वाचल्याची सही आणि शेवटी परीक्षा. त्यानंतर थेट कामावर. मेंटॉरिंग हा शब्द होता, त्यासाठी वेळ कुणी धरलाच नव्हता. माझ्या मेंटॉरना माझ्यासाठी तीन महिने रोजचे दोन तास मोकळे करून दिले होते. ते दोन तास मला तिकडे मिळाले असते तर मीसुद्धा माझ्या ज्युनिअर्सना असंच शिकवलं असतं. असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलेय, आणि बऱ्याच अंशी ते खरंही आहे.

तर, "उत्तर तू का दिलंस?" मी माझी कॉमेंट मागे घेतली आणि त्या मुलीला नव्यानं लिहिलं: "पॅन्क्रिॲटायटिसपर्यंत तू कशी पोचलीस, मला पायरीपायरीनं सांगशील? रागावण्यासाठी विचारत नाहीये."

तिचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. "मॅम, शीटमध्ये तसंच दिलंय." सोबत स्क्रीनशॉट होता. एक्सेलची फाइल, पिवळा मथळा, डाव्या कॉलममध्ये लक्षणांची जोडी, उजवीकडे टर्म. अमायलेज आणि लायपेज वाढलेलं, पुढे पॅन्क्रिॲटायटिस.

ती शीट मी केलेली आहे. कंपनीनं मला इकडे पाठवलं त्याच्या आदल्या वर्षी, कामानंतर थांबून, रात्री अकरा-अकरापर्यंत बसून. नव्या मुलांचा वेळ वाचावा म्हणून. मला तिचा अभिमान होता. निघताना ज्युनिअर्सनी तिच्याबद्दल आभार मानले होते. मी गेल्यावर ती एका हातातून दुसऱ्या हातात जात राहिली, कुणी अधिकृत केली नाही, कुणी तपासली नाही. क्यूसी, म्हणजे गुणवत्ता तपासणी, होते ती ठरावीक नमुन्याची. त्यात ही ओळ कधी सापडली नसावी. आणि मी? मी इथे पहिल्याच आठवड्यात ही चूक सुधारली, पण ती जिथून आली त्या शीटकडे वळून पाहिलं नाही.

त्याच दुपारी मॅनेजरला आणि मेंटॉरना सगळं लिहून कळवलं. शीट बंद केली आहे. तिच्या आधारानं कोड झालेल्या जुन्या केसेस काढून पुन्हा तपासायचं काम सुरू झालंय, आणि दुरुस्त्या रीतसर नोंदवल्या जातील. मेंटॉर मला काही बोलल्या नाहीत. फक्त विचारलं, त्या शीटमध्ये बरोबर ओळीही असतील ना? आहेत. बऱ्याच आहेत.

दर गुरुवारी एक तास मी मॅनेजरकडून मागून घेतलाय, तिकडच्या टीमचाही तेवढा वेळ टार्गेटमधून वगळून. हे दुसरं मिळवायला जास्त भांडावं लागलं. त्या मुलीला मी कळवलंय, की शीटची पहिली ओळ आपण दोघींनी मिळून उघडायची आहे. ती ओळ बरोबर आहे की चूक, हे तिला सांगितलेलं नाही.