नाताळचा देखावा पाहावाच, पण नाल्याच्या वाटेने जाऊ नये

नवापूर तालुक्यातील एका पाड्यावर २४ डिसेंबरच्या रात्री गावकरी येशूजन्माचा प्रसंग स्वतः उभा करतात. तो पाहण्यास सहकुटुंब निघालेल्यांनी ‘महामार्गाला लागूनच गाव आहे’ या सांगण्यावर काडीचाही विश्वास ठेवू नये. डांबरी रस्ता संपतो तेथे कोरडा नाला लागतो, त्यातील गोटे पायाखालून सरकतात आणि पुढे भाताच्या खाचरांच्या अरुंद बांधांवरून अंधारात चालावे लागते. धडधाकट माणसाला ही वाट जमते. परंतु आईला नाल्यातून हात धरून नेताना माझी व सौभाग्यवतींची पुरती दमछाक झाली. प्रत्येकाजवळ स्वतंत्र बॅटरी असावी, मोबाइलच्या उजेडावर भागत नाही.

जळगावहून सुरत मार्गाच्या गाडीने नवापूरला येणे सोपे आहे. स्थानकावरील अर्ध्या महाराष्ट्रातील आणि अर्ध्या गुजरातेतील बाकावर मुलांनी फोटो काढले, एवढे सांगून पुढे जातो. खरी लुबाडणूक जीपवाल्याने केली. गावापर्यंतचे भाडे ४०० रुपये ठरले असताना त्याने नाल्याच्या काठी गाडी थांबवून ८०० मागितले. ‘रातना टाईम शे, भाऊ, रिकामं परत जानं पडस,’ हे त्याचे उत्तर. आम्ही ६०० वर तोडले, तरीही ते जास्तच झाले.

कार्यक्रम आठला सुरू होतो असे कळले होते, तो दहानंतर सुरू झाला. तोवर अंगणात असा गारठा पडला की स्वेटरवर घोंगडी घ्यावी लागली. मात्र जे पाहिले ते अव्वल होते. रोमन सम्राट कैसर औगुस्ताच्या हुकुमाने नावनिशीसाठी, म्हणजे शिरगणतीसाठी, निघालेले येशूचे आईबाप योसेफ आणि मरीया खरोखर दारोदार फिरतात, प्रत्येक दारातून मावची या तिथल्या आदिवासी बोलीत ‘जागा नाही’ असे उत्तर येते आणि सारे प्रेक्षक त्यांच्यामागून चालतात. अखेरीस ती दोघे एका घराच्या गोठ्यात शिरतात. गव्हाणीत अंथरलेल्या पेंढ्यावर तान्हे बाळ ठेवताच शेजारच्या म्हशीने तोच पेंढा ओढून खाण्यास सुरुवात केली. मरीया झालेल्या मुलीने संवाद न थांबवता डाव्या हाताने म्हशीचे तोंड बाजूला सारले आणि उजव्या हाताने बाळाचे कुंचडे नीट केले. मेंढपाळ आपल्याच शेळ्या घेऊन येतात. पूर्वेकडून बाळाच्या दर्शनाला येणारे ज्ञानी, म्हणजे मागी लोक, मात्र नेहमीच्या तीनऐवजी पाच होते. याबद्दल कोणी नाक मुरडू नये, कारण बायबलमधील मत्तयाच्या शुभवर्तमानात भेटी तीन सांगितल्या आहेत, सोने, ऊद आणि गंधरस; माणसांची संख्या तेथे दिलेली नाही. शहरातील रंगमंचावरचे नाताळचे कार्यक्रम यापुढे फिके आहेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

बसण्यास गोठ्याच्या उजव्या अंगाची जागा धरावी, डावीकडे जनरेटरचा धूर येतो. रात्री जेवण मिळते, तरी मुलांसाठी दशम्या सोबत असाव्यात. मुक्कामाची सोय चर्चच्या पाळकांना आधी विचारून करावी, कारण रात्री परतीचे वाहन नाही.

सकाळी दुधाच्या गाडीने माणशी ३० रुपयांत महामार्गावर सोडले, आणि तेही पाड्यामागच्या पक्क्या रस्त्याने. हा रस्ता लांबचा आहे, पण नाला टाळतो, आणि आदल्या रात्रीच्या जीपवाल्याला तो ठाऊक नसेल हे मला पटत नाही. जीप ठरवतानाच ‘मागच्या रस्त्याने, थेट अंगणापर्यंत’ असे बोलून घ्यावे आणि उतरल्याशिवाय पैसे देऊ नयेत.