खिडकीजवळचं टेबल

मे महिन्याचा पहिला रविवार म्हणजे आमच्या मंडळाचं वार्षिक संमेलन. शाळेला सुट्टी लागलेली असायची, त्यामुळे तिथला मोठा हॉल मिळायचा. प्रत्येक कुटुंबाला एक टेबल. वर्षभरात घरी जे केलं, वाढवलं, पाहिलं, साजरं केलं ते त्यावर मांडायचं आणि माईकसमोर उभं राहून पाच मिनिटांत सांगायचं. परीक्षक नाहीत, बक्षीस नाही. सचिव काकू याबाबतीत ठाम होत्या. "नंबर काढले की माणसं एकमेकांची टेबलं बघायची सोडून परीक्षकांचे चेहरे बघत बसतात," असं त्या म्हणायच्या. मला ते आजही पटतं.

या एका रविवारामुळे आमच्या घराचं वर्ष मे ते मे असं चालायचं. सहलीला गेलो की गळालेली पानं जुन्या वहीत दाबून ठेवायची. आजोबांना फुलांचं चित्र असलेलं नवं तिकीट मिळालं की ते अल्बममध्ये जायच्या आधी संमेलनाच्या खोक्यात जायचं. आईचं भरतकाम मात्र एप्रिलअखेरच पूर्ण व्हायचं, तेही रात्री जागून. घरात कुणाचाही वाढदिवस असला की एक कुंडी नवी यायची आणि त्या माणसाच्या नावाची पाटी तिच्यात खोचली जायची. बारा-पंधरा वर्षांत गच्चीवर चालायला जेमतेम वाट उरली होती.

मी सातवीत असतानाचं टेबल मला सर्वांत जास्त आठवतं. लिनियस या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाने १७५१ साली फुलांच्या घड्याळाची कल्पना मांडली होती, असं बाबांनी कुठेतरी वाचलं. कोणतं फूल किती वाजता उमलतं आणि मिटतं हे नीट टिपलं, तर नुसत्या फुलांकडे बघून वेळ सांगता येईल, अशी ती कल्पना. त्याची यादी त्याच्या उप्सालाची, थंड प्रदेशातल्या फुलांची. "आपल्या गच्चीची यादी आपणच करू," बाबा म्हणाले, आणि सगळ्यांना पाळ्या लावून दिल्या.

पहाट आजोबांकडे. निळी मॉर्निंग ग्लोरी उलगडताना आणि प्राजक्ताचा सडा पडताना तेच जागे असायचे. दहाच्या सुमाराला उमलणारं ऑफिस टाइम हे फूल आईकडे. पावसाळ्यात 'दुपारी' नावाच्या झाडाची लाल फुलं आली, ती भर बाराला उमलतात म्हणून सुट्टीच्या दिवशी धाकटा भाऊ घड्याळ घेऊन तिच्यासमोर बसायचा. शाळेतून आले की गुलबक्षी माझी. मोगरा आणि रातराणी बाबांची. बारा ते चार ही वेळ मात्र रिकामीच राहिली, तिथे बसवायला फूलच सापडलं नाही.

गुलबक्षीनेच मला खरं शिकवलं. ती रोज चारला उमलेल असं मी धरून चालले होते. ढगाळ दिवशी ती लवकर फुलायची, कडक उन्हात साडेपाच वाजले तरी मिटलेलीच. माझी वही चुकतेय असं वाटून मला रडू आलं. बाबांनी वही हातात घेतली आणि म्हणाले, "बाळा, चुकत काही नाहीये. तू आकाशाची नोंद करते आहेस." तेव्हापासून मी वेळेशेजारी ऊन, ढग, पाऊस असं लिहायला लागले.

त्याच वर्षी भावाचा दहावा वाढदिवस होता. घरात पाहुणे जमलेले, आणि गच्चीवरून बाबांची हाक आली. ज्याला आपण घराघरांत ब्रह्मकमळ म्हणतो ते उमलायला लागलं होतं. हिमालयातलं ब्रह्मकमळ वेगळं, हे निवडुंगाच्या कुळातलं. सगळे अंधारात कुंडीभोवती उभे राहिले, कुणी बोलेना. पाकळ्या सुटताना दिसत होत्या. त्या दिवसाचा एकही फोटो आमच्याकडे नाही. वहीत आहे ती एवढीच ओळ: "रात्री ९.४०, पूर्ण उमललं."

संमेलनासाठी आईने ते घड्याळ कापडावर भरलं. मांडणी सुंदर झाली होती, पण हॉलमध्ये नेलेल्या कुंड्यांमधलं ऑफिस टाइम उमलेचना. त्याला लख्ख ऊन लागतं आणि आमचं टेबल होतं मधल्या रांगेत. काकूंनी ते पाहिलं, दोघातिघांना हाक मारली आणि मांडलेल्या सामानासकट आमचं टेबल पूर्वेच्या खिडकीशी हलवलं. आमचं नाव पुकारलं जाईपर्यंत गुलाबी, पिवळी फुलं उघडली होती. तेव्हापासून खिडकीजवळचं टेबल आमचंच झालं.

२००६ साली आम्ही मुन्नारला नीलकुरिंजी बघायला गेलो. ही झुडपं बारा वर्षांनी एकदाच, सगळी एकदम फुलतात, बी धरतात आणि मरतात. तिथल्या एरविकुलम राष्ट्रीय उद्यानाच्या उतारांवर बाबा खाली बसून एकेक फूल निरखत होते. "याचं घड्याळ बघ केवढं मोठं आहे," एवढंच ते बोलले. परतताना गाडीत त्यांनी वहीत तारीख घातली आणि खाली लिहिलं: "पुढची वेळ २०१८."

बाबा २०१४ मध्ये गेले. २०१८च्या ऑगस्टमध्ये केरळात महापूर आला आणि जाणं होईल असं वाटत नव्हतं. सप्टेंबरअखेर रस्ते खुले झाले, तेव्हा आई, मी, भाऊ, वहिनी आणि सहा वर्षांची भाची असे निघालो. उतार पूर्ण निळे नव्हते, जागोजागी पट्टे होते. आईने पिशवीतून तीच वही काढली आणि बाबांच्या ओळीखाली आपल्या अक्षरात लिहिलं: "पुढची वेळ २०३०."

पुढच्या मे महिन्यात ते पान उघडं ठेवून आम्ही टेबल मांडलं. माईकवर भाची गेली. बारा वर्षांचं फूल म्हणजे काय ते तिने सांगितलं आणि २०३० साली आपण अठरा वर्षांच्या असू, हेही सांगितलं. काकू आता काठी घेऊन चालतात, पण नोंदवही अजून त्यांच्याकडेच असते. त्यांनी पेन उघडलं आणि विचारलं, "मग त्या संमेलनाचं टेबल आत्ताच लिहून ठेवू का?"

"हो," भाची म्हणाली, "पण खिडकीजवळचं."